चाचणी छावणीबाहेर जावी

(साहाय्यकांच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या वर्षी याच मेळाव्यात, जेवणाच्या पंगतीत, एका वडीलधाऱ्या बंधूंनी मला एक गोष्ट सुचवली होती. ते म्हणाले, "ताई, हल्ली औषधाच्या दुकानात दोन-अडीचशे रुपयांत चाचणीचं किट मिळतं. यंदाच्या हंगामाच्या सणाचं अर्पण आपण त्यावर खर्च करू या. हजारभर किट घ्या आणि पाड्यापाड्यावर वाटून टाका. डोंगरातल्या माणसाला दवाखान्यापर्यंत यायची वेळच येणार नाही." त्यांच्या मनात कळवळा होता. मी तेव्हा "विचार करून सांगते" एवढंच म्हणाले. आता समितीसमोरही हा विषय आहे. म्हणून आज मी त्या बंधूंना उत्तर देणार आहे. थोडं विज्ञान सांगावं लागेल. मी धर्मज्ञानाचा डिप्लोमा केलेली बाई, प्रयोगशाळेतली नाही. पण वीस वर्षं डोंगरात तापाची माणसं पाहिली आहेत, आणि डॉक्टरांना विचारून विचारून जे समजलं ते साध्या शब्दांत सांगते.

नऊ दिवस

2020 च्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. सातपुड्यातल्या आमच्या एका पाड्यावर सुरतेकडे मजुरीला गेलेला एक तरुण घरी परतला. चार दिवसांनी त्याला ताप भरला, थंडी वाजू लागली. त्या दिवसांत ताप म्हटला की एकच नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. पथक आलं, नाकातला नमुना घेऊन गेलं. तो नमुना खूप लांब जायचा होता, आणि तिथे आधीच नमुन्यांचा ढीग लागलेला होता.

उत्तराची वाट पाहण्यात नऊ दिवस गेले. त्या नऊ दिवसांत हातपंपावर त्याच्या बायकोचा हंडा बाजूला काढून ठेवला गेला. तिनं लांबच्या झिऱ्यावरून पाणी आणलं. सहाव्या दिवशी त्याचे म्हातारे वडील वारले. त्यांना दम्याचा जुना आजार होता. पण खांदा द्यायला कुणी पुढे येईना. मुलगा स्वतः तापात होता, तो आणि त्याचा मेहुणा दोघांनीच बापाला नेलं.

आणि आपली मंडळी? आमची उपासना त्या पाड्यावर एका अंगणात भरते. "काही दिवस येऊ नका" असं त्या कुटुंबाला सांगायचं ठरलं, आणि ते सांगायला मीच गेले. दारात उभी राहून बोलले आणि परत फिरले. आत गेले नाही.

नवव्या दिवशी कागद आला. त्यावर लिहिलं होतं, निगेटिव्ह. मग कुठे त्याच्या बोटातलं रक्त घेऊन हिवतापाची पट्टी लावली गेली, आणि ती लगेच उमटली. आशाताईच्या पिशवीत असते तीच ती साधी पट्टी. पंधरा-वीस मिनिटांचं काम. पण नऊ दिवस त्या घराजवळ कुणी फिरकलंच नव्हतं. औषध मिळालं, तो बरा झाला. त्याची बायको मात्र मला म्हणाली, "ताई, कागद तर 'नाही' म्हणतो. मग आमचं पाणी कुणी बंद केलं?"

तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री मी लेवीयच्या पुस्तकातला तेरावा आणि चौदावा अध्याय काढून बसले. शिकत असताना हे अध्याय आम्ही भराभर उलटून टाकले होते. चट्टा, पुरळ, पांढरा केस, असं वाचायला कुणाला आवडतं? पण त्या रात्री तीन गोष्टी डोळ्यांत भरल्या.

पहिली अशी. संशय असेल तर याजकानं माणसाला सात दिवस वेगळं ठेवावं, सातव्या दिवशी पुन्हा पाहावं, तरी खात्री नसेल तर आणखी सात दिवस थांबून परत पाहावं. म्हणजे तपासणी, फेरतपासणी आणि मग स्पष्ट निकाल. संशयावर कायमचा शिक्का मारायचा नाही.

दुसरी गोष्ट चौदाव्या अध्यायाच्या सुरुवातीला आहे. रोगी छावणीबाहेर असतो, म्हणून याजकानं स्वतः छावणीबाहेर जाऊन त्याला पाहायचं असतं. रोग्यानं डोंगर उतरून यायचं, असं तिथे म्हटलेलं नाही. तपासणाऱ्यानं जायचं आहे.

तिसरी गोष्ट एकविसाव्या वचनात आहे. शुद्ध ठरलेल्या माणसानं तीन कोकरं आणायची असत. पण तो गरीब असेल आणि त्याला तेवढं झेपत नसेल तर एक कोकरू आणि दोन होले किंवा पारव्याची पिलं चालतील. खर्च कमी केला आहे, निकाल मात्र कमी दर्जाचा केलेला नाही. गरीब माणूसही श्रीमंताइतकाच पूर्ण शुद्ध ठरतो आणि छावणीत परत येतो.

बंधुभगिनींनो, स्वस्त चाचणीबद्दल मला जे सांगायचं आहे ते या तीन गोष्टींतच आहे. चाचणी माणसापर्यंत जावी, तिचं उत्तर भरवशाचं असावं, आणि त्या उत्तरानंतर माणूस एकटा पडू नये.

साखरेचं यंत्र आणि सोन्याची रेघ

'बायोसेन्सर' हा शब्द हल्ली वर्तमानपत्रांत येतो. मराठीत जैवसंवेदक म्हणतात. नाव मोठं असलं तरी तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरात तो आहे. मधुमेहाचं यंत्र, ज्याच्या पट्टीवर आपण बोटातला रक्ताचा थेंब ठेवतो, तो बायोसेन्सरच. अमेरिकेतल्या लेलँड क्लार्क यांनी 1962 मध्ये ही कल्पना मांडली. पट्टीवर एक जैविक पदार्थ असतो, तो फक्त साखरेलाच ओळखतो. साखर भेटली की रासायनिक क्रिया होते, तिच्यातून बारीकसा विजेचा प्रवाह निघतो आणि यंत्र तो आकड्यात दाखवतं. ओळखणारा एक आणि सांगणारा एक, अशी ही जोडी असते.

गरोदरपणाची पट्टीही याच जातीची आहे. आशाताईच्या पिशवीत 'निश्चय' नावाचं किट असतं, आपल्या बहिणींना ते ठाऊक आहे. त्यात वीज नाही, यंत्र नाही. कागद ओला होतो आणि दिव्याच्या वातीत तेल चढावं तसा नमुना पुढे सरकतो. वाटेत त्याला रंगाचे अतिसूक्ष्म कण भेटतात. अशा बहुतेक पट्ट्यांत ते कण सोन्याचे असतात. सोनं इतकं बारीक केलं की ते पिवळं दिसत नाही, लाल दिसतं. त्या कणांवर हवी ती वस्तू पकडणारे रेणू बसवलेले असतात. पुढे कागदावर एका रेघेत तसेच रेणू पक्के चिकटवलेले असतात. वस्तू सापडली तर सोन्याचे कण तिथे अडकतात आणि रेघ लाल होते. दुसरी रेघ नेहमीच उमटायला हवी. ती एवढंच सांगते की नमुना शेवटपर्यंत पोचला.

मग विषाणूसाठीही असंच करता येईल ना? येतं. पण इथे एक मोठी अडचण आहे. रक्तात साखर भरपूर असते. विषाणू त्यामानानं फार थोडे असतात आणि फार लहान असतात. डेंग्यूचा विषाणू इतका बारीक की डोक्याच्या एका केसाच्या जाडीत तसे हजाराहून अधिक ओळीनं मावतील. पोत्यातल्या ज्वारीत मोहरीचे चार दाणे शोधण्यासारखं हे काम आहे.

म्हणून मोठ्या प्रयोगशाळेत काय करतात? विषाणूच्या आतल्या जनुकीय धाग्याचा एक तुकडा घेऊन तो पुन्हा पुन्हा दुप्पट करतात. एकाचे दोन, दोनाचे चार. तीस वेळा दुप्पट केलं की एकाचे शंभर कोटींच्या वर होतात. मग तो लपून राहू शकत नाही. हीच आरटीपीसीआर चाचणी. ती भरवशाची, पण तिला यंत्र हवं, वीज हवी, शिकलेला माणूस हवा. कागदाची पट्टी दुप्पट करत नाही. जे असेल तेवढ्यावरच ती बोलते. म्हणून ती स्वस्त आणि झटपट, पण विषाणू थोडे असतील तर तिच्या हातून निसटतात.

पाऊलखूण आणि बिबट्या

आता 'थेट विषाणू ओळखणं' म्हणजे काय ते सांगते, कारण इथेच पुष्कळांचा गोंधळ होतो.

आमच्याकडे शेताच्या बांधावर बिबट्याच्या पाऊलखुणा दिसतात. त्यावरून बिबट्या येऊन गेला हे कळतं. तो आत्ता शेतात आहे की डोंगर ओलांडून गेला, हे कळत नाही. काही चाचण्या अशा पाऊलखुणा पाहतात. विषाणू आला की शरीर त्याच्याशी लढायला प्रतिपिंडं तयार करतं, आणि त्या चाचण्या ही प्रतिपिंडं शोधतात. प्रतिपिंडं तयार व्हायला काही दिवस लागतात, आणि आजार गेल्यावरही काही प्रतिपिंडं दीर्घकाळ राहतात. दुसऱ्या प्रकारच्या चाचण्या थेट बिबट्यालाच पाहतात, म्हणजे विषाणूचा एखादा भाग, त्याचं प्रथिन किंवा त्याचा जनुकीय धागा शोधतात.

डेंग्यूत हा फरक फार महत्त्वाचा आहे. विषाणूचं एनएस-वन नावाचं प्रथिन तापाच्या पहिल्या दिवसापासून रक्तात सापडू शकतं. प्रतिपिंडं साधारण पाचव्या दिवसानंतर नीट दिसतात. म्हणून सरकारी मार्गदर्शनात पहिल्या पाच दिवसांत एनएस-वन आणि त्यानंतर प्रतिपिंडांची, अशा दोन वेगळ्या चाचण्या सांगितल्या आहेत, आणि दोन्ही प्रयोगशाळेतल्या एलायझा पद्धतीनं. दुकानातल्या पट्टीवर एकटीवर विसंबू नये असं डॉक्टर सांगतात.

दुसरं उदाहरण आणखी हृदयाला भिडणारं आहे. एचआयव्ही असलेल्या आईचं बाळ जन्मतं तेव्हा आईची प्रतिपिंडं त्याच्या रक्तात आलेली असतात आणि दीड वर्षापर्यंत राहू शकतात. नेहमीची चाचणी केली तर ती पॉझिटिव्ह येईल, पण त्या पाऊलखुणा आईच्या आहेत. बाळाला लागण झाली आहे की नाही हे कळायला थेट विषाणूच शोधावा लागतो. त्यासाठी बाळ सहा आठवड्यांचं झालं की टाचेतल्या रक्ताचे थेंब एका जाड कागदावर वाळवून प्रयोगशाळेत पाठवतात. तो कागद जाऊन उत्तर येईपर्यंत आई कशी जगते, हे मी एका बहिणीजवळ बसून पाहिलं आहे. ती बाळाला पाजताना त्याच्याकडे पाहत नसे. हेच उत्तर जवळच्या आरोग्य केंद्रात तासाभरात मिळालं तर तिचे कितीतरी दिवस वाचतील.

तिसरं उदाहरण 'ब' प्रकारच्या कावीळीचं. तिचा विषाणू ओळखण्याची पट्टी विषाणूच्या बाहेरच्या आवरणाचं प्रथिन थेट पकडते. हे प्रथिन अमेरिकेतल्या बारूख ब्लूमबर्ग यांना 1960 च्या दशकात सापडलं. कुणाच्या रक्तात सापडलं? ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासीच्या. म्हणून त्याचं नाव पडलं 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन'. त्या शोधातून चाचणी आली, लस आली, आणि 1976 मध्ये ब्लूमबर्ग यांना नोबेल पारितोषिक मिळालं. रक्त आदिवासीचं होतं. त्या रक्तातून निघालेली लस आणि चाचणी आदिवासीच्या झोपडीपर्यंत वेळेवर पोचते का, हा प्रश्न आपल्यासारख्यांनी विचारायचा आहे. आईची गरोदरपणातच तपासणी झाली आणि बाळाला जन्मानंतर चोवीस तासांच्या आत लस मिळाली, तर पुढचं यकृताचं दुखणं टाळता येतं. पाड्यावर घरी झालेल्या बाळंतपणात हे चोवीस तास हातातून निघून जातात.

आपल्याच देशातलं काम

देवाची स्तुती असो की या कामात आपल्याच देशातले लोक पुढे आले आहेत. मार्च 2020 मध्ये पुण्याच्या मायलॅब कंपनीनं कोरोनाचं पहिलं भारतीय आरटीपीसीआर किट बनवलं. ते काम मीनल दाखवे भोसले या आपल्या मराठी भगिनीच्या हाताखाली झालं, आणि तेही त्यांच्या गरोदरपणाच्या अगदी शेवटच्या दिवसांत. त्याच कंपनीच्या घरी करायच्या किटला मे 2021 मध्ये मान्यता मिळाली. किंमत होती 250 रुपये. आपल्या बंधूंच्या मनात होतं ते बहुधा हेच.

दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेत देबोज्योती चक्रवर्ती आणि सौविक मैती यांनी 'फेलुदा' नावाची कागदी पट्टीची चाचणी बनवली. सत्यजित राय यांच्या कथांमधल्या गुप्तहेराचं ते नाव. सप्टेंबर 2020 मध्ये तिला परवानगी मिळाली. मला त्यातली एक गोष्ट फार जवळची वाटली. ही शास्त्रज्ञ मंडळी त्याआधी सिकलसेलवर काम करत होती. सिकलसेल! आमच्या नंदुरबारच्या मुलांच्या सांध्यांत रात्री-बेरात्री कळा उठवणारा तो आजार. आदिवासींच्या आजारासाठी चाललेल्या अभ्यासातून साऱ्या देशाच्या कामी येणारी चाचणी निघाली. मात्र पट्टी कागदाची असली तरी आधी जनुकीय धागा वाढवण्याची पायरी यंत्रावरच करावी लागते. म्हणजे ती तशीच्या तशी पाड्यावर येऊ शकत नाही.

तिसरं नाव गोव्याचं. तिथल्या मोलबायो कंपनीचं 'ट्रूनॅट' हे छोटं यंत्र बॅटरीवर चालतं, चिपच्या आकाराच्या साधनात धागा वाढवतं आणि साधारण तासाभरात उत्तर देतं. क्षयरोगासाठी जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 मध्ये त्याची शिफारस केली, आणि त्याच वर्षी कोरोनासाठीही ते वापरलं गेलं. माकडतापासाठीही राष्ट्रीय विषाणू संस्थेनं त्यावर काम केलं आहे. माकडताप तुम्हांला ठाऊक असेल. 1957 मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात तो प्रथम ओळखला गेला. जंगलातल्या गोचिडांमधून तो माणसाला होतो. गेल्या दहा-बारा वर्षांत तो गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि आपल्या सिंधुदुर्गातही दिसला. कुणाला होतो? काजूच्या बागेत राबणाऱ्याला, पाचोळा आणि लाकूडफाटा गोळा करणाऱ्याला. शहरातल्या बाजारपेठेला अशा आजाराच्या चाचणीत नफा दिसत नाही. म्हणून असं काम सरकारनं आणि आपल्यासारख्यांनी मुद्दाम मागून घ्यावं लागतं.

पुढचं कामही चाललं आहे. साखरेच्या पट्टीसारखीच कार्बनच्या शाईनं छापलेली पट्टी, तिच्यावर विषाणूला पकडणारे रेणू, आणि विषाणू चिकटला की बदलणारा विजेचा प्रवाह. साहित्य फार महाग नाही. प्रयोगशाळेत स्वच्छ पाण्यात हे चांगलं चालतं. खरं रक्त आणि खरी थुंकी आली की त्यातली इतर प्रथिनंही पट्टीला चिकटतात आणि उत्तर बिघडतं. त्यात आमच्याकडची मे महिन्यातली ऊन आणि जुलैतली ओल आहेच. प्रयोगशाळेपासून पाड्यापर्यंतचा हा रस्ता बांधणंच सगळ्यांत अवघड आहे.

माझी चूक

आता मी माझी चूक सांगते. ती सांगितल्याशिवाय माझं उत्तर तुम्हांला पटणार नाही.

एका पावसाळ्यात आमच्या वसतिगृहातली नऊ वर्षांची एक मुलगी तापानं आजारी पडली. माझ्याकडे डेंग्यूच्या पट्ट्यांचं एक पाकीट होतं. मीच मोठ्या हौसेनं आणून ठेवलेलं. तापाचा सहावा दिवस होता. मी पट्टी लावली. एकच रेघ उमटली, म्हणजे डेंग्यू नाही. मी निर्धास्त झाले. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. संध्याकाळच्या प्रार्थनेत आम्ही देवाचे आभार मानले. आणि त्याच रात्री तिचे हातपाय गार पडले, पोट दुखू लागलं, उलट्या सुरू झाल्या.

डेंग्यूत ताप उतरतो तोच काळ धोक्याचा असू शकतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. जीपमध्ये घालून आम्ही तिला नेलं. डॉक्टरांनी तिला वाचवलं, प्रभूची कृपा. नंतर त्यांनी मला बाजूला बसवून दोन गोष्टी विचारल्या. पट्टी कितव्या दिवशी लावली? सहाव्या दिवशी एनएस-वन कमी होत आलेलं असतं. आणि पाकीट कुठे ठेवलं होतं? जीपच्या पुढच्या कप्प्यात, अख्खा मे महिना. त्या पाकिटावर 30 अंशांपर्यंत ठेवा असं छापलेलं होतं. आमच्याकडे उन्हाळ्यात सावलीतही चाळीसच्या वर जातं. बंद जीपमध्ये किती झालं असेल!

डॉक्टर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "पट्टीनं 'हो' म्हटलं तर ऐका. 'नाही' म्हटलं तर मुलीकडे बघा."

हे वाक्य मी आमच्या सेविकांच्या वहीत पहिल्या पानावर लिहून घेतलं आहे. पट्टी खोटी नव्हती. तिला उन्हात मी ठेवलं, चुकीच्या दिवशी मी वापरलं, आणि तिच्या उत्तरावर माझे डोळे मीच मिटले. हजार किट पाड्यापाड्यावर वाटली तर अशा हजार चुका आपण वाटू शकतो.

चांगली चाचणी कशी असावी, याच्या सात कसोट्या जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितल्या आहेत. ती परवडणारी असावी. आजार असेल तर निसटू नये. नसेल तर उगाच 'आहे' म्हणू नये. वापरायला सोपी असावी. झटपट आणि दणकट असावी. यंत्राशिवाय चालावी. आणि ज्याला गरज आहे त्याच्यापर्यंत पोचावी. आपण पहिलीच कसोटी पाहतो, किंमत. उरलेल्या सहा कसोट्यांना उतरली नाही तर ती स्वस्त चाचणी गरिबाला फार महाग पडते. लेवीयातल्या गरिबाला कोकरू एकच होतं, पण ते निर्दोष असावं लागे.

मग आपण काय करावं?

आता त्या वडीलधाऱ्या बंधूंना माझं उत्तर. दादा, तुमचं अर्पण चाचणीवर जरूर खर्च करू या. पण हजार पट्ट्यांवर नको. माझी समितीला चार विनंत्या आहेत.

एक. पाड्यांवरच्याच दोन मुलींना आपण वर्षभराचं मानधन द्यावं. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकडे त्या शिकतील आणि आशाताईंच्या जोडीनं काम करतील. तापाचा दिवस मोजणं, धोक्याची लक्षणं ओळखणं, पट्टी कधी लावायची आणि कधी नाही, हे त्या शिकतील. त्यांना पावरी बोलता येते, मला अजून मोडकीतोडकीच येते. किट किती आणि कोणती घ्यायची ते डॉक्टर सांगतील तेवढंच घेऊ.

दोन. थर्मामीटर असलेली दोन थंड पेट्या घ्याव्यात. लहान वस्तू आहे. पण ती नसेल तर बाकीचा खर्च पाण्यात जातो.

तीन. जीपच्या डिझेलसाठी वेगळा निधी असावा आणि त्याला दुसऱ्या कशासाठी हात लावू नये. रेघ उमटली की पुढे माणसाला न्यायचं असतं. "तुला अमुक आजार आहे" असं सांगून आपण निघून आलो, तर त्यापेक्षा न सांगितलेलं बरं.

चार. ही विनंती पैशाची नाही. आपल्या मंडळ्यांत इंजिनिअरिंग आणि जैवतंत्रज्ञान शिकणारी तरुण मुलं-मुली आहेत. काही पुण्यात आहेत, काही परदेशात. त्यांना माझं सांगणं आहे की एकदा आमच्याकडे या. चिखलाच्या हातांनी पट्टीचं पाकीट फाडून बघा. अक्षर न येणाऱ्या माणसाला ती फिकट रेघ कंदिलाच्या उजेडात दाखवून बघा. मग प्रयोगशाळेत परत जा. तुमचं यंत्र आणखी चांगलं होईल. पण हेही लक्षात ठेवा की आमचे लोक कुणाच्या प्रयोगाचं साहित्य नाहीत. बोटाला सुई लावण्याआधी त्यांना त्यांच्या भाषेत विचारायचं, उत्तर त्यांनाच सांगायचं, आणि अंगणात मोठ्यानं नाही, कानाशी सांगायचं. एचआयव्हीचा किंवा कावीळीचा निकाल पाड्यावर फुटला तर काय होतं, ते सांगायला नको. हंडा बाजूला ठेवायला फार वेळ लागत नाही.

शेवटी आपल्या सर्वांसाठी एक. पुन्हा कधी साथ आली तर संसर्ग पसरू नये म्हणून अंतर ठेवावं लागेल, तोंडाला कपडा बांधावा लागेल, काही दिवस वेगळं राहावं लागेल. लेवीयातही सात दिवस होतेच. पण वेगळं ठेवणं आणि टाकून देणं यांत फरक आहे. त्या घराच्या दारात पाण्याचा हंडा रोज कोण ठेवील, औषध कोण नेईल, आणि कुणी वारलं तर खांदा कोण देईल, हे आपल्या मंडळीनं साथ येण्याआधीच ठरवून ठेवावं. नावं लिहून ठेवावीत. त्या यादीत पहिलं नाव माझं लिहा.

त्या पाड्यावर मी नंतर पुन्हा गेले. त्या बहिणीच्या घरात बसले, क्षमा मागितली. तिनं काही बोलणं टाळलं. उठून तिनं आतून पाण्याचा तांब्या आणला आणि माझ्यासमोर ठेवला. मी प्यायले. ती आता उपासनेला येते, पण अंगणाच्या कडेला, दाराजवळ बसते. ती मधे येऊन बसेल त्या दिवसासाठी प्रार्थना करा. त्या दोन मुलींसाठीही प्रार्थना करा, आणि कुठेतरी प्रयोगशाळेत रात्री दिवा लावून ही पट्टी सुधारत बसलेल्या, आपल्याला अनोळखी अशा माणसांसाठीही.

प्रभू आपल्या दानाला आणि आपल्या पायांना आशीर्वाद देवो. आमेन.